भिंतीवरची भाजी : हाताची की छापाची?

तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही टाइलच्या दुकानात स्वयंपाकघराचा विभाग पाहा, चित्रे ठरलेली असतात. वाफाळता कॉफीचा कप, पाण्यात पडणारे लिंबू, हिरवे सफरचंद, टोपलीभर स्ट्रॉबेरी. दुकानदार त्यांना ‘हायलायटर’ म्हणतो. साध्या क्रीम रंगाच्या टाइलांमध्ये अधूनमधून त्या बसवायच्या, म्हणजे ओट्यामागची भिंत स्वयंपाकघराची वाटू लागते. दुसरीकडे मुंबई, पुणे आणि पणजी इथल्या स्टुडिओ पॉटरीच्या प्रदर्शनांत हाताने घडवलेली, भिंतीवर टांगायची सिरॅमिक शिल्पे दिसतात : लसणाचा गड्डा, उकललेले डाळिंब, ताटलीवर आडवा पडलेला बांगडा. अशा एका तुकड्याच्या किमतीत अनेकदा ओट्यामागची अख्खी भिंत टाइलने मढवून होते.

मग घर नव्याने लावताना माणसाने काय करावे? हाताच्या कामाचा आग्रह धरावा, की ती पैसेवाल्यांची हौस म्हणून सोडून द्यावी? प्रश्न सजावटीचा दिसतो, पण त्याच्या आत घराचा खर्च, कारागिराची मजुरी, रोज रांधणाऱ्या बाईचे काम आणि आपल्या अन्नाकडे पाहण्याची आपली नजर हे सगळे येते. म्हणून दोन्ही बाजू नीट तोलून पाहायला हव्यात.

आधी छापील टाइलची बाजू. तिला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. चुलीचा धूर, रॉकेलच्या स्टोव्हची काजळी आणि फोडणीचा चिकटा यांनी आपल्या घरांतली सगळ्यात काळवंडलेली खोली कोणती केली असेल, तर ती स्वयंपाकघर. ज्या बाईने दर दिवाळीला ती भिंत खरवडून पुन्हा चुन्याने पांढरी केली, तिला एका ओल्या फडक्यात स्वच्छ होणाऱ्या भिंतीचे मोल कोणी समजावून सांगायला नको. गुजरातमधल्या मोरबीच्या कारखान्यांनी ही भिंत निम्नमध्यमवर्गीय घरापर्यंत पोचवली. इंकजेट छपाईने तिच्यावर हवे ते चित्र स्वस्तात उमटवता येऊ लागले. हे मोठे काम आहे, आणि त्याच्या तुलनेत भिंतीवरच्या एका सुबक डाळिंबाचे काम छोटेच आहे.

त्या टाइलवरची चित्रे ‘परकी’ आहेत, ही तक्रारही तपासून घ्यावी लागते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आज भौगोलिक मानांकन आहे, वाई-पाचगणीकडची शेतकरी कुटुंबे तिच्यावर जगतात. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि काजू हेही समुद्रापलीकडूनच आले. तेव्हा कोणते फळ आपले आणि कोणते परके, या वादात फारसे हशील नाही. खरी उणीव दुसरीकडे आहे. टाइलवरची ती स्ट्रॉबेरी कोणत्याही शेतातली नाही. ते चित्र नंदुरबारच्या घरात जसे, तसेच सावंतवाडीच्या घरात असते, कारण ते करताना कोणी कोणत्याच मळ्यात उभे राहून पाहिलेले नसते. चित्र कुणाचेच नसल्यामुळे ते सगळीकडे चालते.

आता हाताच्या कामाची परंपरा. पंधराव्या शतकातल्या फ्लोरेन्समध्ये लुका देला रोब्बिया आणि त्याच्या घराण्यातल्या शिल्पकारांनी भाजक्या मातीवर कथलाची पांढरी, अपारदर्शक झिलई देऊन शिल्पे घडवली. मेरी आणि बाळ येशू यांच्या प्रतिमांभोवती त्यांनी पानाफळांच्या माळा गुंफल्या. त्यांत लिंबे, द्राक्षे, पाइनची बोंडे आणि काकड्याही आहेत. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये बर्नार पालिसीने मासे, शिंपले, पाली आणि पाने यांनी गजबजलेली थाळी केली, जेवणासाठी नव्हे तर पाहण्यासाठी. झिलई साधेना म्हणून भट्टी पेटती ठेवायला त्याने घरातले लाकूडसामान जाळले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. पोर्तुगालमधल्या काल्दस दा रायन्या या गावात १८८४ मध्ये राफाएल बोर्दालो पिन्येरो या व्यंगचित्रकाराने मातीकामाचा कारखाना उभारला. त्याची कोबीच्या पानांची भांडी आजही तिथे बनतात.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट नजरेतून सुटू नये. देला रोब्बियांच्या कार्यशाळेत साचे होते. पालिसी तर खऱ्या प्राण्यांवरून आणि पानांवरून साचे घेई. बोर्दालोची कोबी ही साच्याचीच कोबी. म्हणजे ‘हाताचे ते अस्सल आणि साच्याचे ते नक्कल’ ही आपली सोयीची विभागणी त्या परंपरेलाच मान्य नाही. ज्या वस्तूंना आज संग्रहालये काचेआड जपतात, त्यांतल्या पुष्कळशा साच्यातूनच निघाल्या. त्यांना मोल आले ते साच्याच्या आधी झालेल्या कामामुळे. कोबीचे पान देठाशी कसे जाडसर असते, कडेला कसे चुरगळते आणि शिरा कशा फुटत जातात, हे कुणीतरी नीट पाहिले होते.

गोव्यातही हेच दिसते. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत १९३५ साली पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांची निळ्या-पांढऱ्या टाइलांची भव्य चित्रे बसवली गेली. विषय होता पोर्तुगीज कवी कामोंइशचे महाकाव्य, म्हणजे राज्यकर्त्यांचा पराक्रम. पुढे ओर्लांदो दि नोरोन्हा यांनी ही टाइलकला गोव्यात पुन्हा रुजवली, आणि तिच्यावर गोव्याचे रोजचे जगणे आले. मारिओ मिरांडा यांची रेखाचित्रे टाइलवर चढली. मासळीबाजारातल्या बाया, सायकलवरचा पोदेर (पाववाला) आणि तावेर्नात बसलेली मंडळी घराघरांच्या भिंतींवर पोचली. मारिओंनी तो बाजार आयुष्यभर पाहिला होता, म्हणून त्या रेषेची छापील प्रतही बोलते. विजयाच्या कथेकडून भिंत सुंगटांच्या (कोळंबीच्या) वाट्याकडे आली, ही गोव्याच्या कलेतली फार मोलाची घटना आहे असे आम्हाला वाटते.

इथे आपल्याच परंपरेतून एक जोरदार आक्षेप उभा राहतो. कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग, काकडी, चिबूड आणि केळी यांसोबत रानातून शोधून आणलेली कितीतरी फळे, वेली आणि औषधी वनस्पती लटकवतात. कोणते फळ कुठल्या डोंगरकडेला सापडते हे घरातल्या जाणत्या माणसाला ठाऊक असते. रान तुडवताना ते पोराटोरांना कळते. देशावर हादग्याच्या चित्राला फळांच्या माळा घालतात. ताज्या अन्नाने भिंत आणि छत सजवण्याची ही आपली रीत आहे, आणि तिचा प्राण ताजेपणात आहे. माटोळी उतरते आणि पुढच्या वर्षी पुन्हा रानात जावे लागते. मग जे दरवर्षी नव्याने आणायचे, ते झिलईत कायमचे गोठवून काय साधणार? चिनीमातीचे तोरिंग टांगल्यावर खरे तोरिंग शोधायला कोण जाईल?

हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. वस्तू कायम समोर असली की डोळा ती पाहायचे सोडतो, हे खरे आहे. पण माटोळी सणाची असते आणि ओटा वर्षभराचा. शिवाय आज शहरातल्या अनेक घरांत माटोळीही नाही आणि परसही नाही. भाजी चिरून, पाकिटात घालून दारात येते. अशा घरात कांगणीची वेल किंवा केळफूल भिंतीवर असले, तर निदान ‘हे काय आहे?’ असे विचारायला मुलाला निमित्त मिळते. मात्र आक्षेपातून एक कसोटी हाती येते : भिंतीवरच्या वस्तूने खऱ्या वस्तूकडे नेले पाहिजे, तिची जागा घेता कामा नये.

ते काम हात कसे करतो हे जवळून पाहायचे तर अळूचे पान घ्यावे. मळलेली, हवा काढलेली माती लाटण्याने पाव इंचाच्या आसपास जाडीची लाटतात. त्यावर ताजे पान शिरांची बाजू खाली करून ठेवतात आणि लाटणे एकदाच, न थांबता फिरवतात. दाब कमी पडला तर बारीक शिरा उमटत नाहीत, जास्त झाला तर मधली जाड शीर माती चिरते. मग पानाच्या कडेने सुरी फिरवून आकार कापायचा आणि दोन पाट्यांमध्ये सावकाश वाळवायचा, कारण घाई केली की कडा वर उचलतात. वाळताना आणि भाजताना स्टोनवेअरची माती साधारण दहा-बारा टक्के आकसते, म्हणून भिंतीवरचे पान खऱ्या पानाहून लहानच निघते. टांगायची भोके माती अर्धओली असतानाच पाडावी लागतात. साधारण हजार अंश सेल्सिअसवर पहिली भाजणी होते, नंतर झिलई, आणि बाराशे अंशांच्या पुढे दुसरी. पातळ झिलई शिरांमधल्या खोलगटात साचून गडद होते आणि उंचवट्यावर फिकट राहते. अळूवडीसाठी पानाच्या शिरा लाटण्याने दाबून सपाट करणाऱ्या बाईला हे पान बघताक्षणी ओळखू येते.

भरीव वस्तूंचे दुखणे वेगळे. मातीचे वांगे भरीव ठेवले तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ते भट्टीत फुटते आणि शेजारच्या चार वस्तू घेऊन जाते. म्हणून ते आतून पोखरून मागे भोक ठेवावे लागते. रंगांचेही तसेच. कोबाल्टचा निळा आणि क्रोमचा हिरवा भट्टीची धग सोसतात. टोमॅटोचा किंवा मिरचीचा लाल मात्र उच्च तापमानाला टिकवणे कठीण, त्यासाठी महागडे, खास बनवलेले रंगद्रव्य लागते. किंमत का चढते याचे उत्तर या नासधुशीत आणि या हळूपणात आहे. जो कारागीर हे करतो त्याने त्याचे पैसे मागितले तर ते रास्तच आहे.

पण रास्त किंमत सगळ्यांना परवडणारी किंमत असतेच असे नाही. शिवाय आणखी तीन गोष्टी हाताच्या कामाच्या विरोधात जातात. एक, खाचाखोचांची किंवा झिलई नसलेली वस्तू शेगडीजवळ लावली की तेलाची वाफ तिच्यात मुरते, आणि ती घासण्याचे काम पुन्हा त्याच बाईच्या अंगावर येते. दोन, इंधन. कारखान्याच्या भट्टीतून टाइल तासाभरात भाजून बाहेर पडते, भट्टी अखंड चालू असते. स्टुडिओची भट्टी थोड्या वस्तूंसाठी दिवसभर तापते आणि मग तशीच निवत राहते. नगामागे पाहिले तर हाताचे काम पर्यावरणाला हलके आहे असे म्हणता येत नाही. अर्थात कारखाने निर्मळ होते असेही नाही. मोरबीतल्या कोळशावर चालणाऱ्या गॅसिफायरवर राष्ट्रीय हरित लवादाला २०१९ मध्ये बंदी घालावी लागली. तीन, आरोग्य. सिलिकाची धूळ कारखान्यात घातक आहे तशीच बंद खोलीतल्या स्टुडिओतही घातक आहे, आणि शिसे असलेली झिलई सर्वांत आधी ती लावणाऱ्यालाच बाधते. ‘हस्तकला’ म्हटले की हे प्रश्न आपोआप मिटत नाहीत.

याहून अवघड प्रश्न स्वयंपाकघरातल्या श्रमाचा आहे. माद्रिदच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात अठराव्या शतकातले व्हॅलेन्सियाचे एक टाइलचे स्वयंपाकघर आहे. भिंतीभर नोकरचाकर, चॉकलेटचे पेले आणि पक्वान्ने रंगवलेली आहेत. भिंत देखणी आहे, पण ती ज्यांच्या मालकीची होती ते तिथे राबत नव्हते. आपल्याकडेही स्वयंपाकघर सजवणे आणि तिथले काम वाटून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवर डाळिंब लावून ओट्यापाशी एकटीच उभी असलेल्या बाईचे ओझे कमी होत नाही. कोणी या सजावटीला तिचा सन्मान म्हणत असेल, तर ते आम्हाला मान्य नाही. सन्मान कामाच्या वाटणीत आहे, खेळत्या हवेत आणि खिडकीत आहे. तरीही ज्या खोलीत घरातले एक माणूस दिवसाचे कित्येक तास काढते, ती खोली नुसती धुता येण्यासारखी असावी, सुंदर नसली तरी चालेल, असे म्हणण्याचा अधिकार बाहेर दिवाणखान्यात बसणाऱ्याला नाही. दिवाणखान्याला चित्र आणि ओट्याला नुसती टाइल, ही विभागणी आता मोडायला हवी. तिथे काय लावायचे हे मात्र तिथे रांधणाऱ्याने ठरवावे.

हे सगळे तोलल्यावर आमचे मत असे बनते. हाताने घडवलेल्या सिरॅमिक भित्तिशिल्पाला स्वयंपाकघरात जागा आहे, पण ते नुसते हाताचे आहे एवढ्याने नाही. कोणते वांगे, हे ते सांगते का? जळगावचे भरताचे वांगे मोठे आणि हिरवे. मांजरीचे वांगे गोल, जांभळे, पांढऱ्या रेघांचे, देठाला काटे. गोव्यातल्या आगशीच्या वांग्याची ओळख आणखी निराळी. जो कलाकार हा फरक मातीत आणतो, त्याने टाइलच्या कारखान्याला न जमणारे काम केले आहे, आणि त्याला त्याचे मोल मिळावे. पण जो इंटरनेटवर पाहिलेली इटालियन लिंबे आणि ऑलिव्हच्या फांद्या पुण्यात बसून घडवतो, तो हाताने करत असला तरी हायलायटरच करतो आहे. घोलवडचा चिकू, सासवडचे अंजीर, सिंधुदुर्गाचे कोकम, भिवापूरची मिरची, वायगावची हळद, बोंबील, शेवगा, केळफूल : विषयांची इथे ददात नाही.

घेणाऱ्याने अख्खी भिंत भरू नये. एखाददुसरा तुकडा घ्यावा आणि शेगडीपासून दूर, जेवायच्या बाजूला लावावा. ओट्यामागे गुळगुळीत टाइलच असू द्यावी. घेताना कोणी घडवले, झिलईत शिसे आहे का आणि टांगायची सोय कशी आहे, हे विचारावे. विकणाऱ्याने साच्याचे काम साच्याचे म्हणून आणि साच्याच्या किमतीत विकावे, त्यात कमीपणा काही नाही. टाइल कारखान्यांनीही ऐकावे : चित्रकाराला पैसे देऊन बाजारात आणि मळ्यात पाठवले, तर छापील टाइलही बोलकी होईल. इंकजेटला तेच लिंबू हवे असते असे नाही, ते आपण त्याला देतो.

कारागिराबद्दल एक सूचना तातडीची आहे. भिंतीवरच्या शिल्पात पाणी साठवायचे नसते. त्यामुळे बाराशे अंशांवर भाजलेल्या महागड्या स्टोनवेअरचाच हट्ट धरण्याचे कारण नाही. देला रोब्बियांचे कामही साध्या भाजक्या मातीवरच उभे आहे. आवा लावणाऱ्या आपल्या कुंभारांचे माती ओळखणारे हात पणत्या आणि कुंड्यांपुरते अडकून पडले आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला ग्रामीण कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे, मुंबईच्या सर ज. जी. (जे. जे.) कला महाविद्यालयात मृत्कला शिकवली जाते. स्टुडिओतले चित्रण आणि कुंभारवाड्यातली माती एकत्र आली तर किंमत खाली येईल आणि काम दोघांना मिळेल. भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित यांना मृत्कलेसाठी २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. चाकावरच्या हाताला कलेचा मान देण्याची आपली तयारी आहे, आता त्याला नियमित काम द्यायला हवे.

परवडण्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र घराबाहेर आहे. जे एका घराला महाग पडते ते गावाला पडत नाही. मुंबईची महात्मा फुले मंडई, म्हणजे जुने क्रॉफर्ड मार्केट, १८६०च्या दशकात बांधली गेली तेव्हा तिच्या प्रवेशद्वारांवर कष्टकऱ्यांची उठावशिल्पे बसवली गेली. ती जे. जे.मध्ये शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची आहेत. परक्या राजवटीतल्या शहराला जे सुचले ते आपल्या नगरपालिकांना सुचू नये असे नाही. राज्यात मंडया नव्याने बांधल्या जातात, जुन्या डागडुजीला निघतात, शाळांमध्ये पोषण आहाराच्या खोल्या उभ्या राहतात. या भिंतींवर त्या तालुक्याची भाजी, फळ, धान्य आणि मासळी स्थानिक कुंभारांच्या हातून यावी, नावासकट. भाजीवालीने मान वर केली तर आपल्याच पाटीतले वांगे तिला भिंतीवर दिसावे, आणि पोषण आहाराच्या रांगेतल्या मुलाने नाचणीचे कणीस ओळखावे. अंदाजपत्रकात रंगकामासाठी जी रक्कम ठरलेली असते, तिच्यातला एक हिस्सा याला राखून ठेवण्याचा ठराव कोणतीही नगरपालिका पुढच्या सभेत करू शकते. तो करावा, अशी आमची मागणी आहे.